मुंबईतली कलाप्रदर्शनं, चालू आणि होऊन गेलेली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळ्यांत जास्त प्रश्न काळा घोडा परिसरातल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाबद्दल, म्हणजे एनजीएमएबद्दल येतात. म्हणून उत्तरांचा भर तिथल्या प्रदर्शनांवर आहे. शेजारचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय यांचा उल्लेख गरजेपुरता येईल.

१. एनजीएमए, जहांगीर, म्युझियम ही सगळी एकच का? कुठे काय बघायला मिळतं?

एकच नाहीत, पण घोटाळा होणं साहजिक आहे. एनजीएमए ज्या इमारतीत आहे ती सर कावसजी जहांगीर पब्लिक हॉलची. चार पावलांवर जहांगीर आर्ट गॅलरी आहे. समोरच्या वस्तुसंग्रहालयाच्या आत जहांगीर निकल्सन आर्ट फाउंडेशनचं दालन आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘जहांगीर’ सांगितलं तर तो आर्ट गॅलरीशी सोडणार. एनजीएमएला जायचं असेल तर ‘रीगलजवळ, म्युझियमच्या समोर’ असं सांगा.

तिन्हींचं काम वेगळं आहे. एनजीएमए केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाचं संग्रहालय आहे. तिथली प्रदर्शनं क्युरेटरनं, म्हणजे कामं निवडून त्यांची मांडणी ठरवणाऱ्या जाणकारानं, आखलेली असतात आणि काही आठवडे ते काही महिने चालतात. १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रकार दालन भाड्यानं घेतात. एक प्रदर्शन साधारण आठवडाभर, मंगळवार ते सोमवार, असतं आणि प्रवेश मोफत असतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय विश्वस्त संस्थेतर्फे चालतं. तिथे कायमची दालनं आहेत आणि मोठी पाहुणी प्रदर्शनं वेगळी भरतात. निकल्सन फाउंडेशनच्या दालनात आधुनिक भारतीय चित्रकला असते. पुष्कळ लोक खालची शिल्पं बघून परत फिरतात आणि हे दालन त्यांच्याकडून राहून जातं, ही हळहळण्यासारखी गोष्ट आहे.

२. सध्या काय चालू आहे, हे खात्रीनं कसं कळेल?

संग्रहालयाचं संकेतस्थळ आणि इन्स्टाग्राम खातं दोन्ही बघा. संकेतस्थळावर जुनीच माहिती राहून जाते आणि इन्स्टाग्रामवर फक्त उद्घाटनाचा गाजावाजा दिसतो, म्हणून एकावर विसंबू नका. उद्घाटनाची तारीख नव्हे, समारोपाची तारीख शोधा. ती सापडली नाही तर निघण्याच्या दिवशी सकाळी फोन करून तीन गोष्टी विचारा: प्रदर्शन आज खुलं आहे का, सगळे मजले खुले आहेत का, आणि मुदत वाढली आहे का. मुदतवाढ पुष्कळदा मिळते, पण तिच्या भरवशावर राहू नका, कारण उसन्या आणलेल्या कलाकृती ठरल्या तारखेला परत द्याव्याच लागतात.

३. कोणत्या वारी जावं आणि पोचायचं कसं?

एनजीएमए सोमवारी आणि राष्ट्रीय सुट्ट्यांना बंद असतं. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं. दोन्ही एकाच दिवशी करायची असतील तर हे दोन वार टाळा. शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मोजक्या सुट्ट्या सोडल्या तर रोज उघडं असतं.

लोकलनं चर्चगेट किंवा सीएसएमटीला उतरून पंधरा-वीस मिनिटं चालत जाता येतं. भुयारी मेट्रो ३ नं येणाऱ्यांना हुतात्मा चौक स्थानक सोयीचं. फेब्रुवारीत काळा घोडा कला महोत्सवाच्या दिवसांत रस्ता गर्दीनं फुललेला असतो. महोत्सव बघायचा तर तेव्हा जरूर या, चित्रं निवांत बघायची असतील तर एरवीच्या एखाद्या मंगळवारी किंवा गुरुवारी सकाळी दार उघडल्या उघडल्या आत जा.

४. परदेशातून आलेल्या नातेवाइकांना जास्त तिकीट पडतं का?

सरकारी संग्रहालयांत परदेशी नागरिकांचा दर भारतीयांपेक्षा कितीतरी जास्त असतो. पण ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) असलेल्यांना संग्रहालयांच्या प्रवेशशुल्कात भारतीय नागरिकांइतकाच दर लागू करावा, अशी केंद्र सरकारची अधिसूचना आहे (मार्च २०२१). कार्ड मात्र जवळ हवं. ‘घरी आहे’ म्हणून चालत नाही. विश्वस्त संस्थांच्या संग्रहालयांत खिडकीवर आधी विचारा.

५. एनजीएमएत आत शिरल्यावर कोणत्या क्रमानं बघायचं?

इमारत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, वास्तुकार जॉर्ज विटेट. आधी ते सभागृह होतं. सभा, मैफिली आणि मुष्टियुद्धाच्या लढतीसुद्धा तिथे झाल्या. त्याचं कलासंग्रहालय व्हावं म्हणून शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि गॅलरीचालक केकू गांधी यांनी नेट लावला होता. १९९६ साली एनजीएमए सुरू झालं. जुन्या हॉलच्या पोटात नवे मजले बसवलेले असल्यामुळे दालनं अर्धवर्तुळाकार आहेत. जिन्यानं एकेक टप्पा वर चढत जायचं आणि सर्वांत वर घुमटाखालचं दालन लागतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा की प्रदर्शनाचा क्रम चढणीशी बांधलेला असतो. सिंहावलोकनी प्रदर्शन, म्हणजे एकाच कलाकाराच्या आजवरच्या कामाचं, बहुधा खालून सुरू होतं, पण नेहमी नाही. काही क्युरेटर कालक्रम मोडून विषयवार मांडणी करतात. म्हणून प्रवेशाजवळचा भिंतीवरचा मजकूर आधी पूर्ण वाचा. वक्र भिंतीमुळे चित्रापासून मागे सरकायला काही ठिकाणी जागा कमी पडते. मोठं चित्र असेल तर समोरच्या बाजूनं किंवा वरच्या टप्प्यावरून खाली बघा, पुष्कळदा तिथूनच ते नीट दिसतं.

मोठ्या प्रदर्शनाला दोन तास हाताशी ठेवा. गुडघ्यांचा त्रास असेल किंवा व्हीलचेअर असेल तर निघण्याआधी फोन करून वर जाण्याची सोय विचारून घ्या.

६. दालनात इतका अंधार का ठेवतात? चित्रं नीट दिसतच नाहीत.

ही तक्रार जलरंग, रेखाटनं, जुनी छायाचित्रं आणि कापड यांच्या प्रदर्शनांबद्दल येते. अशा वस्तूंवर साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे वस्तूवर पडणारा प्रकाश मोजायचं एकक) इतकाच प्रकाश ठेवण्याची पद्धत आहे. तैलरंगांना १५० ते २०० लक्स चालतो. प्रकाशानं झालेलं नुकसान साठत जातं आणि भरून येत नाही. हिशेब करून बघा: ५० लक्स, रोज ८ तास, ९० दिवस म्हणजे ३६,००० लक्स-तास. तेच चित्र २०० लक्सखाली ठेवलं तर तेवढं नुकसान बावीस-तेवीस दिवसांतच होतं. काही लाल-गुलाबी रंग सर्वांत आधी उडतात. जुन्या जलरंगात गालांवरची लाली गेलेली आणि शेजारची माती रंगाची पगडी मात्र शाबूत, असं दिसलं की समजावं, चित्र वर्षानुवर्षं खिडकीसमोर टांगलेलं होतं.

उपाय सोपा आहे. उन्हातून आल्या आल्या पहिल्या चित्रापुढे उभे राहू नका. पाचेक मिनिटं डोळ्यांना द्या, तेवढ्यात भिंतीवरचा मजकूर वाचून होतो. मोबाइलचा टॉर्च लावू नका. काचेवर झळाळी येऊन उलट कमीच दिसतं, आणि पहारेकरी थांबवतात ते योग्यच करतात.

७. मागच्या महिन्यात पाहिलेलं चित्र आता जागेवर नाही. काढलं का?

बहुधा बदललं. कागदावरची कामं तीन-चार महिन्यांहून जास्त सलग लावत नाहीत. लांबलेल्या प्रदर्शनात मध्येच त्यांच्या जागी दुसरी लावतात (कारण प्रश्न ६ मध्ये). दुसरं कारण पावसाळा. मुंबईत हवेतली सापेक्ष आर्द्रता चढते, आणि ती ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर, कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरते. काचेच्या आत पांढरट ठिपके दिसले तर चित्र ताबडतोब उतरवून वेगळं ठेवतात, नाहीतर शेजारच्यांनाही लागण होते. तिसरं कारण उसनवारीची मुदत संपणं. रिकाम्या जागी चिठ्ठी असेल तर वाचा, नसेल तर दालनातल्या कर्मचाऱ्याला विचारा.

८. एनजीएमएच्या संग्रहात अमुक चित्र आहे असं वाचलं. मग लावलेलं का नाही?

कुठल्याही संग्रहालयाच्या संग्रहाचा थोडाच भाग एका वेळी भिंतीवर असतो. एनजीएमए मुंबईच्या बाबतीत तर एकाच मोठ्या प्रदर्शनासाठी बहुतेक मजले गुंततात. शिवाय एनजीएमए दिल्ली, मुंबई आणि बंगळूरु अशा तीन ठिकाणी आहे. पुस्तकात नुसतं ‘एनजीएमए’ लिहिलेलं असेल तर चित्र दिल्लीच्या एनजीएमएत, म्हणजे जयपूर हाउसमध्ये, असण्याची शक्यता बरीच. ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ या सरकारी पोर्टलवर संग्रहालय निवडून कलाकाराच्या नावानं शोधा आणि नोंदणी क्रमांक टिपून घ्या. अभ्यासासाठी साठ्यातलं काम बघायचं असेल तर त्या क्रमांकासह, कारण लिहून, आधी अर्ज करावा लागतो. क्रमांक नसलेला अर्ज रेंगाळतो.

९. चित्राशेजारच्या लेबलवरून काय काय समजतं?

कलाकाराचं नाव आणि जन्म-मृत्यूची वर्षं, शीर्षक, साल, माध्यम, माप, आणि काम कोणाच्या संग्रहातलं. मापात आधी उंची आणि मग रुंदी. १२७ × १०१.६ सें.मी. म्हणजे ५० × ४० इंचांचं उभं चित्र. शेवटची ओळ सर्वांत कमी वाचली जाते आणि तीच सर्वांत बोलकी असते. ‘खासगी संग्रह’ लिहिलेलं काम प्रदर्शन संपल्यावर पुन्हा सार्वजनिक ठिकाणी कधी दिसेल, याची शाश्वती नाही. वेळ कमी असेल तर अशा कामांना आधी वेळ द्या. संग्रहालयाचं स्वतःचं काम पुढेही बघायला मिळेल.

१०. फोटो काढून फेसबुकवर टाकले तर चालतात का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फोटो काढू देणं हा संग्रहालयाचा नियम. तो प्रदर्शनागणिक बदलतो, कारण काम उसनं देणाऱ्याची अट असू शकते. फ्लॅश आणि ट्रायपॉड बहुतेक ठिकाणी चालत नाहीत.

फोटो प्रसिद्ध करणं हा कॉपीराइटचा प्रश्न. भारतीय कायद्यानुसार कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतो. मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ही वर्षं मोजतात. म. वि. धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांचा कॉपीराइट २००४ अखेर संपला. प्रभाकर बरवे १९९५ मध्ये गेले, त्यांचा २०५५ अखेरपर्यंत आहे. वासुदेव गायतोंडे २००१ मध्ये गेले, त्यांचा २०६१ अखेरपर्यंत. परीक्षण किंवा समीक्षेसाठी चित्र वापरायला कायद्यात वाव आहे, पण कॅलेंडर, टी-शर्ट, पुस्तकाचं मुखपृष्ठ यांना लेखी परवानगी लागतेच. ‘संग्रहालयानं फोटो काढू दिला होता’ हे त्यावर उत्तर होत नाही. आणि धुरंधरांचा कॉपीराइट संपला म्हणून दालनातला ‘फोटो काढू नये’ हा फलकही रद्द होत नाही.

११. होऊन गेलेल्यांपैकी कोणती प्रदर्शनं माहीत असायला हवीत?

प्रत्येकाची यादी वेगळी होईल. मराठी वाचकानं निदान पुढच्या प्रदर्शनांचे कॅटलॉग तरी चाळावेत असं आम्हाला वाटतं.

एनजीएमएत २०१८ साली सुहास बहुळकर यांनी मांडलेलं धुरंधरांचं प्रदर्शन. कोल्हापुरात जन्मलेला हा चित्रकार जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, तिथेच शिकवू लागला आणि संचालकपदाचं काम पाहण्यापर्यंत पोचला. पौराणिक चित्रं, पुस्तकांतली चित्रं, पोस्टकार्डं अशी त्याच्या कामाची व्याप्ती एका छताखाली दिसली. नऊवारीच्या निऱ्या आणि पदराच्या तऱ्हा धुरंधरांनी किती बारकाईनं टिपल्या आहेत हे मूळ जलरंगासमोरच कळतं. छापील प्रतीत तो नाजूकपणा दबून जातो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये उघडलेलं प्रभाकर बरवे यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन, क्युरेटर जेसल ठक्कर. घड्याळ, पान, टाचणी अशा साध्या वस्तू रिकाम्या अवकाशात ठेवणारी एनॅमल रंगांतली चित्रं आणि त्यांच्याबरोबर बरव्यांच्या डायऱ्या. चित्राआधीचा विचार डायरीत आणि विचारानंतरचं चित्र भिंतीवर, असं दोन्ही एकत्र बघण्याची संधी क्वचित मिळते.

२०१९-२० मधलं सुधीर पटवर्धन यांचं, नॅन्सी अदजानिया यांनी मांडलेलं प्रदर्शन. ठाण्यात राहून क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत या चित्रकारानं लोकलमधली, पुलावरची, इराण्याच्या हॉटेलातली माणसं रंगवली. त्याच्या पाठोपाठ मार्च २०२० मध्ये चित्रकार मेहली गोभाई यांचं प्रदर्शन उघडलं आणि काही दिवसांतच टाळेबंदी आली. पुढे कधीतरी जाऊ म्हणणाऱ्यांचं ते राहिलंच.

शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात डिसेंबर २०१३ ते फेब्रुवारी २०१४ या काळात ब्रिटिश म्युझियममधला, प्राचीन इराणचा सम्राट सायरस याचा मृत्तिकालेख (मातीच्या नळकांड्यावर कोरलेला लेख) आला होता. मुंबईच्या पारशी समाजाला त्याचं किती अप्रूप असेल ते सांगायला नको. नोव्हेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ झालं, त्यात दोनशेहून अधिक वस्तू भारतीय आणि परदेशी अशा शेजारी-शेजारी मांडल्या होत्या. डिसेंबर २०२३ पासून भारत, इजिप्त, अ‍ॅसिरिया, ग्रीस आणि रोम इथली प्राचीन शिल्पं एकत्र आली.

भाऊ दाजी लाड संग्रहालय (१८७२) जुन्या वस्तूंच्या मधोमध आजच्या कलाकारांना काम करायला बोलावतं. सुदर्शन शेट्टी, जितिश कल्लाट, अतुल दोडिया यांची प्रदर्शनं तिथे झाली. २०१३ मध्ये रीना कल्लाट यांनी इमारतीच्या दर्शनी भागावर भलंमोठं कोळ्याचं जाळं टांगलं होतं. जवळ गेल्यावर दिसायचं की ते रबरी शिक्क्यांनी बनलंय, आणि शिक्क्यांवर मुंबईतल्या बदललेल्या रस्त्यांची जुनी नावं आहेत.

१२. एखादं जुनं प्रदर्शन हुकलं. त्याबद्दल नीट माहिती कुठे मिळेल?

आधी प्रदर्शनाचं अचूक नाव आणि महिना नक्की करा, कारण एकाच चित्रकाराची दोन-तीन प्रदर्शनं एकमेकांत मिसळतात. मग कॅटलॉग शोधा. संग्रहालयाच्या विक्रीकेंद्रात शिल्लक प्रती मिळू शकतात, नाहीतर संग्रहालयांची ग्रंथालयं आणि जे. जे.सारख्या कलामहाविद्यालयांची ग्रंथालयं. हाँगकाँगच्या आशिया आर्ट अर्काइव्हच्या संकेतस्थळावर भारतीय कलेची बरीच कागदपत्रं वाचता येतात.

कॅटलॉग म्हणजे प्रदर्शन असं मात्र धरू नका. तो पुष्कळदा चित्रं टांगण्याआधी छापायला जातो. ऐन वेळी न आलेलं काम त्यात असतं आणि शेवटी मिळालेलं नसतं. कोणतं चित्र कोणाशेजारी होतं हेही त्यातून कळत नाही, आणि क्युरेटरचं म्हणणं तर त्या शेजारातच असतं. त्यासाठी दालनाचे फोटो आणि त्या आठवड्यांतली वर्तमानपत्रांतली परीक्षणं लागतात. फिरतं प्रदर्शन असेल तर शहराचं नावही टिपा. दिल्लीत लागलेलं प्रत्येक काम मुंबईत आलेलं असतंच असं नाही.

चालू प्रदर्शनाला गेलात तर घडीपत्रिका जपून ठेवा आणि मागच्या बाजूला तारीख लिहा. छोट्या प्रदर्शनांचा कॅटलॉग निघतच नाही, तेव्हा दहा वर्षांनी तेवढाच कागद पुरावा म्हणून उरतो.

१३. परदेशातून खऱ्या वस्तू येतात की प्रतिकृती?

प्रतिकृती असेल तर लेबलवर तसं लिहिलेलं असतं. मूळ वस्तू आली की तिच्याबरोबर बहुधा देणाऱ्या संग्रहालयाचा माणूस येतो. पेटी आल्यावर लगेच उघडत नाहीत. आतलं लाकूड, कापड आणि बाहेरची हवा यांची सवय व्हायला साधारण २४ तास तशीच ठेवतात. मग प्रत्येक ओरखड्याची नोंद असलेला स्थितिदर्शक अहवाल समोर धरून वस्तू तपासतात. परत जातानाही हेच.

उलट दिशेनं, म्हणजे भारतातून बाहेर पाठवताना, १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा लागू होतो. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू आणि ‘कलानिधी’ ठरवलेल्या नऊ कलाकारांची कामं खासगी व्यक्तीला बाहेर नेता येत नाहीत. ते नऊ असे: राजा रविवर्मा, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ टागोर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, अमृता शेरगिल, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक.

१४. मुलांना घेऊन जावं का?

जरूर. सगळं दाखवायचा अट्टहास नको. पाच-सहा चित्रं निवडा आणि प्रत्येकापुढे दोन मिनिटं बसू द्या. वही आणि पेन्सिल द्या. शाईचं पेन आणि रंग दालनात चालत नाहीत. शाळेचा वर्ग आणायचा असेल तर निदान दोन आठवडे आधी पत्र द्या आणि एका मार्गदर्शकामागे पंधरापेक्षा जास्त मुलं ठेवू नका, वक्र दालनात मागच्यांना काही दिसत नाही.

१५. प्रदर्शनातलं चित्र विकत घेता येतं का?

संग्रहालयात नाही. जहांगीर आर्ट गॅलरीत आणि खासगी गॅलऱ्यांत घेता येतं (फरक प्रश्न १ मध्ये).

१६. आमच्या घरी रविवर्म्याचं चित्र आहे. संग्रहालय प्रदर्शनासाठी घेईल का?

आधी ते मूळ चित्र आहे की छापील, हे बघा. महाराष्ट्रातल्या घराघरांत असलेली लक्ष्मी, सरस्वती ही बहुतेक रविवर्मा प्रेसची ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत छापील चित्रं, आहेत. छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. खालच्या कडेला छापखान्याचं नाव आहे का पाहा. ती कडा फ्रेमखाली दडलेली असू शकते. दहापट भिंगातून गालाचा भाग बघा: छापील चित्रात रंगांचे बारीक ठिपके दिसतात, तैलचित्रात कुंचल्याचे फराटे. ओलिओग्राफला वर कॅनव्हाससारखा खडबडीतपणा दिलेला असतो, त्यामुळे नुसत्या बोटानं फसगत होते. छापील प्रतीलाही संग्रहमूल्य असतं, पण भाव आणि नियम वेगळे.

चित्र मूळ असेल, किंवा धुरंधर, पेस्तनजी बोमनजी, आबालाल रहिमान यांच्यासारख्या कोणाचं असेल, तर पुसू नका, वॉर्निश लावू नका, नवी फ्रेम करू नका. समोरून, मागून, सहीचा आणि मागच्या चिठ्ठ्यांचा असे फोटो काढा, माप घ्या, घरात कसं आलं ते लिहा आणि संग्रहालयाच्या संचालकांना किंवा क्युरेटरला पाठवा. शंभर वर्षांहून जुन्या चित्राची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद लागते, ती आहे का हेही सांगा.

चित्र घेतलं गेलं तर लेखी करार होतो. त्यात चार गोष्टी तपासा. विमा खिळ्यापासून खिळ्यापर्यंत हवा, म्हणजे तुमच्या भिंतीवरून उतरल्यापासून परत टांगेपर्यंतचा. विम्याची किंमत दोघांना मान्य हवी. स्थितिदर्शक अहवालावर देताना आणि परत घेताना दोन्ही वेळा सह्या हव्यात. आणि लेबलवर तुमचं नाव घालायचं की ‘खासगी संग्रह’ लिहायचं, हे तुम्ही ठरवायचं. घरात मोलाचं चित्र आहे हे चारचौघांत जाहीर होऊ नये असं वाटत असेल तर दुसरा पर्याय घ्या.